एकच माणूस कमी पडला

बाबा,

मी हॉस्पिटलात निघालेय, आज सकाळची पाळी आहे. कोबीचं सूप फ्रिजमध्ये आहे. गोळी जेवणानंतर घ्या, आधी नको.

काल शाळेच्या जिममध्ये आपल्या पक्षाचा देशाच्या अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला सगळे आपापल्या पसंतीच्या माणसाच्या कोपऱ्यात उभे राहिले, तेव्हा मी तुमच्याबरोबर सिनेटरांच्या कोपऱ्यात असायला हवं होतं. तसं मी तुम्हाला जेवताना कबूल केलं होतं. पण माझे पाय गव्हर्नरबाईंच्या घोळक्याकडे वळले. आपला कारखाना बंद पडला तेव्हा तुमचे सिनेटर आयोवाच्या थंडीत आपल्याबरोबर गेटवर उभे राहिले, हे मी विसरलेले नाही. पण नोव्हेंबरात दुसऱ्या पक्षापुढे ते हरतील असं मला वाटतं, आणि हे तुमच्या तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही.

कोपरा टिकायला ठरावीक माणसं लागतात, आणि तुमच्याकडे एकच माणूस कमी पडत होता. तुम्ही सगळ्यांदेखत हाक मारलीत, "मार्ला, ये गं इकडे, तुझ्यावाचून अडलंय!" मी मात्र ऐकूच न आल्यासारखी शेजारी उभ्या डोरिनशी बोलत राहिले. तुमचा कोपरा मोडला. आमचे लोक तुम्हाला बोलवायला आले, तर तुम्ही म्हणालात, "पक्ष माझाच आहे. नोव्हेंबरात मत देईनच. आज मात्र घरी जातो."

माझं मत बदललेलं नाही. पण तुमच्या हाकेला ओ द्यायला हवी होती.

आत्ता बाहेर गेले, तर माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ कुणीतरी खरवडून ठेवलेला. परत आत आले, तर तुम्ही कोट न काढताच खुर्चीत झोपलेले. उठवायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी गप्प बसू नका, बाबा. चांगल्या शिव्या द्या मला.

मार्ला