मागच्या बाकावर कुणीतरी

प्रिय मास्तर,

आधी ‘सन्माननीय मंत्रिमहोदय’ असं लिहिलं होतं, मग तो कागद चुरगाळून टाकला. सभागृहात म्हणते तेवढं पुरे. आज रविवार आहे आणि सदस्य निवासात चिटपाखरू नाही. सगळे शुक्रवारीच आपापल्या गावी पळाले. माझं गावी आता कोण आहे, म्हणून मी इथेच. स्वयंपाकघरातला नळ कधीपासून गळतोय. देखभाल विभागाला सांगून सांगून जीभ झिजली. सरकारला जाब विचारणाऱ्या बाईला साधा वॉशर बदलून मिळत नाही, हे ऐकून तू नक्की खिदळशील. खाली पातेलं ठेवलंय. त्याच्या टपटपीची इतकी सवय झालीय की परवा पातेलं भरलं, आवाज बदलला आणि मला वाटलं दारावर कुणी आलं. जाऊन दार उघडलंसुद्धा.

शुक्रवारी माझं भाषण ऐकलंस. ऐकलंसच, कारण ऐकायला दुसरं होतंच कोण? आरोग्यावरची चर्चा नेहमीसारखी शेवटी ठेवलेली, म्हणजे सगळ्यांचं लक्ष गाड्यांच्या वेळांकडे असतं तेव्हा. आमच्या बाजूला मी आणि डुलक्या काढणारे आमच्या पक्षाचे म्हातारे काका. तुमच्या बाजूला तू आणि तुमचा तो नवा प्रतोद. अध्यक्ष जांभई दाबत होते. लघुलेखक लिहीत होता, पण त्याला त्याचाच पगार मिळतो. परिचारिकांच्या रिकाम्या जागांवर मी घसा फोडत होते आणि तुमचा प्रतोद उठायला लागला. ‘गणपूर्ती नाही’ एवढं तो म्हणाला असता तर घंटा वाजून कामकाज बंद आणि माझं भाषण तिथेच खलास. तू बसल्या बसल्या त्याच्या सदऱ्याचं टोक धरून त्याला खाली ओढलंस आणि लगेच चष्मा शोधल्याचं सोंग केलंस. चष्मा तुझ्या कपाळावर होता, मास्तर.

हे तू पहिल्यांदा केलं नाहीस, हे मला माहीत आहे. पक्ष बदलून पलीकडे गेल्यापासून माझ्या एकाही भाषणाला तू उठून गेला नाहीस. याबद्दल मी तुझे कधी आभार मानले नाहीत. मानायला गेले असते तर तू काहीतरी चावट बोलून विषय उडवला असतास.

आपण एकाच बाकावर होतो तेव्हाचे दिवस हल्ली फार आठवतात. तू शाळेतून आलेला, मी रुग्णालयाच्या वॉर्डातून. पहिल्याच दिवशी तू मला ‘सिस्टर’ म्हणालास आणि मग सगळं सभागृह म्हणायला लागलं. मी प्रश्न विचारायला उठले की मागून कुणीतरी ओरडायचं, सिस्टर, सुई जरा हळू! प्रश्न मी काढायचे आणि भाषा तू सरळ करायचास. ‘निर्लज्ज’ हा शब्द तू माझ्या मसुद्यातून किती वेळा खोडलास त्याला गणती नाही. प्रश्नाला राग नसतो, सिस्टर, प्रश्नाला फक्त उत्तर हवं असतं, असं म्हणायचास. मी चिडायचे. पण तुझ्या त्या मवाळ प्रश्नांनी मंत्र्यांना जेवढा घाम फुटायचा तेवढा माझ्या आरडाओरड्याने कधी फुटला नाही.

मग तुझ्या आईचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा एवढ्या लांबच्या शहरात न्यायचं, तुझ्या त्या खटारा गाडीच्या मागच्या सीटवर आडवं करून. तिथल्या खुर्चीत सुया टोचलेल्या अवस्थेत ती वॉर्डातल्या टीव्हीवर आपलं कामकाज बघायची. इतर पेशंटांनी मालिका मागितल्या तर त्यांच्याशी भांडायची. एकदा तिने मला फोन केला. अगं, तू इतकी तळमळून बोलतेस आणि तुझ्या मागे नुसत्या खुर्च्या दिसतात, बरं दिसत नाही, आमच्या मास्तरला सांग तुझ्या मागे बसायला. तेव्हापासून मी उभी राहिले की तू आपली जागा सोडून माझ्या मागच्या बाकावर यायचास आणि तू उभा राहिलास की मी तुझ्या मागे. लोकांनी काय काय जोडलं आपल्या नावापुढे! त्यांना काय सांगायचं, की एका म्हातारीला रिकाम्या खुर्च्या बघवत नाहीत म्हणून आम्ही दोघं उठबस करतो?

ती गेल्यावर तू पहिल्यांदा बोललास ते भाषण मला पाठ आहे. आपल्या भागातल्या रुग्णालयात एक डायलिसिसचं मशीन द्या, एवढीच मागणी होती. मध्येच तुझा आवाज गेला. मी मागून पाण्याचा ग्लास पुढे केला. त्या दिवशी टीव्हीवर तुझ्या मागे मी होते, बघायला मात्र ती नव्हती.

नंतर तू आरोग्य खातं घेऊन पलीकडे गेलास. मी तुला काय काय बोलले ते पुन्हा उगाळत नाही, तुझ्याही लक्षात असेल. तू फक्त म्हणालास, सिस्टर, ओरडून मशीन येत नाही, सही करून येतं. आणि खरंच आणलंस की! उद्घाटनाचं बोलावणं मला आलं होतं. पक्षाने जाऊ दिलं नाही, म्हणून इथे या खोलीत बसून टीव्हीवर पाहिलं. तू फीत कापलीस. मी एकटीच टाळ्या वाजवल्या आणि मग स्वतःलाच वेडी म्हटलं.

गेल्या महिन्यात मी त्या रुग्णालयात गेले होते. राजकारण करायला नाही. माझ्याबरोबर शिकलेली मैत्रीण तिथून निवृत्त झाली, तिचा निरोप समारंभ होता. पर्स ठेवायला जागा बघत एक दार उघडलं तर आत तुझं मशीन. अंगावरचं प्लास्टिक अजून तसंच. फितीचा तुकडा पायाशी गुंडाळलेला. वर कुणीतरी धुतलेले हातमोजे वाळत घातले होते. मैत्रीण म्हणाली, त्याला लागणारं शुद्ध पाणी करायची यंत्रणा बसवलीच नाही, चालवायला माणूस नेमला नाही, कळवून कळवून आमचे हात दुखले.

बाहेर बाकावर एक शिंपी बसला होता, बायकोबरोबर, शहराकडे जाणाऱ्या बसची वाट बघत. अंगावरची सूज, चेहऱ्याचा तो रंग, वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला डायलिसिसचा पेशंट वेगळा सांगावा लागत नाही. त्याने मला ओळखलं. म्हणाला, बाई, माझं मशीन बंद पडलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या शिंप्याकडे जातं, आम्ही कुठं जायचं? असं म्हणून स्वतःच हसला. मग माझ्या कोटाकडे बघून म्हणाला, बाही खांद्यात चुकलीय, पुढच्या वेळी घेऊन या, नीट करून देतो. एवढा आजारी माणूस आणि त्याला माझ्या बाहीची काळजी.

मी तुला दोनदा फोन केला. साहेब बैठकीत आहेत, असं उत्तर मिळालं. मग प्रश्न टाकला, अगदी तुझ्या पद्धतीचा, बिनरागाचा. तू उठलास आणि वाचून दाखवलंस, ‘सदर यंत्र कार्यरत असून रुग्णांना त्याचा लाभ मिळत आहे.’ मी विचारलं, मंत्रिमहोदयांनी स्वतः खात्री केली आहे का? तू ‘होय’ म्हणालास, आणि ते कागदात बघून म्हणालास. एका ‘होय’साठी कागद लागतो का रे? एवढ्या वर्षांत तू मला उत्तर देताना माझ्याकडे बघितलं नाहीस असं कधीच झालं नव्हतं.

तेव्हापासून विचार करतेय, की तू का असं केलंस. पैसे खाल्लेस असं माझ्या शत्रूनेही सांगितलं तरी मला पटणार नाही. अधिकाऱ्यांनी फसवलं असंही नाही, कारण फसलेला माणूस मान वर करून बोलतो. मला वाटतं, आईसाठी आणलेलं मशीन बंद पडून आहे हे तुला दुसऱ्यांनाच काय, स्वतःलाही सांगवलं नाही. हे कळलं तेव्हा तुझा राग यायच्याऐवजी मला रडू आलं. तुला फाडून खाणं मला जमेल, पण तुझी कीव करणं मला सोसत नाही.

काही दिवस मी गप्प बसले. तुझ्या खात्याने आता तरी हालचाल केली असेल, अशी स्वतःची समजूत घालत राहिले. काल त्या शिंप्याच्या बायकोचा फोन आला. डायलिसिसहून परतीच्या बसमध्येच तो गेला. तिला वाटलं, डोळा लागलाय. तिने तक्रार एका शब्दाने केली नाही. फक्त म्हणाली, तुमचा कोट आणायला सांगा म्हणत होते, तेवढं राहिलं.

ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय नाही, तरी इतकं लिहिलं आणि भांडं अजून पदराआडच आहे. आता काढते. ज्या सदस्याचं नाव घेऊन आरोप करायचा त्याला आधी कळवायचं, पाठीमागून वार करायचा नाही, हा नियम तूच मला पहिल्या वर्षी समजावून सांगितला होतास. त्याची चार ओळींची रीतसर नोटीस उद्या कार्यालय उघडताच तुला मिळेल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र, आणि ते मी स्वतः तुझ्या बंगल्यावर देऊन येणार आहे. प्रश्नोत्तरांचा तास संपला की मी उभी राहीन आणि सभागृहाला खोटं सांगितल्याबद्दल तुझं नाव घेईन. बाही चुकलेला तोच कोट घालून. उद्यानंतर माझ्या भाषणाला समोर कुणीही बसलेलं नसेल, हे मला कळतं, आणि त्याची मला भीती वाटते, हेही तुझ्यापासून लपवत नाही. पण मास्तर, मंत्री स्वतः उठून आपलं उत्तर दुरुस्त करू शकतो, हाही नियमच आहे. तसं झालं तर माझ्या नोटिशीत काही उरत नाही. तू माझ्याआधी उभा राहा. मशीन बंद आहे, मला माहीत होतं, आणि ते अमुक तारखेला चालू करतो, एवढंच सांग. तुमचे लोक तेव्हा एकेक करून बाहेर सटकतील, मी त्यांना चांगली ओळखते, आणि टीव्हीवर तुझ्या मागे नुसत्या खुर्च्या दिसतील. तसं मी होऊ देणार नाही. मी माझ्या जागेवरून उठेन, सगळ्यांच्या देखत पलीकडे येईन आणि तुझ्या मागच्या बाकावर बसेन. पक्षाने मला काढलं तर काढलं. नाहीतर बरं दिसणार नाही रे.

तुझीच,
सिस्टर