मम्मीच्या नावाची मूठ

सारंगखेडा,
७ ऑगस्ट २०२५

चि. सौ. नूतन हिस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. कापूस गुडघ्याच्या वर आला आहे, आप्पांचे गुडघे मात्र आहेत तसेच. तिकडे तुमच्या खापर गावात पाऊस कसा काय? धर्मेंद्ररावांची तब्येत बरी असेल.

'सौ.' लिहिताना पेन जरा थांबले. माझा लेक भूपेश विहिरीवर शॉक लागून गेला, तेव्हा तुझ्या नावापुढचे हे अक्षर मीच पहिल्यांदा गाळले होते. आता तुझ्या दुसऱ्या लग्नाला सव्वा वर्ष झाले. लिहायलाच हवे.

फोन का नाही केला, असे तुला वाटेल. तुझा आवाज कानावर आला की मी पुन्हा काहीतरी खोटे बोलेन. कागदावर तरी धीर होतो. आधी मुलांचे लिहिते, तुला तेच हवे असणार.

ललितला पाच पूर्ण झाली. गेल्या आठवड्यात आप्पांची दातांची कवळी हरवली. मी देवघरापासून न्हाणीपर्यंत सगळे घर पालथे घातले. शेवटी ती म्हशीच्या गव्हाणीत सापडली, कडब्याखाली. ललितला धरले तर म्हणतो कसा, "भैस म्हातारी व्हई गयी. तिले चावाता येस नही, म्हनीसन दिधात." आप्पांनी कवळी तीनदा साबणाने धुतली आणि तोंडात घातली. चव विचारायची माझी हिंमत झाली नाही. नंतर ओट्यावर बसून दोघे आजोबा-नातू इतके हसले, की कवळी पुन्हा बाहेर आली.

रिना दुसरीत आहे. मी केस ओढते म्हणून ती वेणी आप्पांकडून घालून घेते. आप्पा वेणी घालत नाहीत, चऱ्हाट वळतात. परवा शेवटची गाठ सुटेना, तेव्हा बाईंनी शाळेत कात्री मागवली. घरी येऊन मलाच दटावते, "आप्पाले काई बोलू नको, त्यास्ना हात दुखतस."

तुला आपला श्रावणातला कानबाईचा सण आणि तिच्या नैवेद्याचा रोट आठवतच असेल. यंदाही शनिवारी आप्पा गहू मापायला बसले. घरातल्या एकेका पुरुषाचे नाव घ्यायचे आणि सव्वा मूठ टाकायची. आप्पांनी स्वतःची टाकली, पुतण्या नवनीतची टाकली, मग ललितचा इवलासा हात धरून त्याची टाकली. भूपेशच्या नावाशी येऊन दरवर्षीसारखा त्यांचा हात गव्हातच राहिला. तेवढ्यात रिनाने ओंजळ भरून गहू सुपात ओतले आणि ठणकावून सांगितले, "हाई मम्मीनी."

मी ओरडले. बायकांची मूठ घेत नाहीत, आणि तू तर आता दुसऱ्या घरची. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "काबरं? मन्ही मम्मी जेवस नही का?"

नवनीत तोंडावर रुमाल धरून बाहेर निघून गेला, हसायला की कशाला कोण जाणे. आता गव्हातून गहू कसे वेचणार? तुझी मूठ दळली गेली, नूतन. रविवारी तिचाही रोट झाला.

मंगळवारी घरात मुंग्यांची रांग दिसली. कुठे जाते बघावे, तर रिनाच्या दप्तरात. कंपासपेटीत रोटाचा तुकडा, वहीच्या कागदात गुंडाळलेला. रोट घराबाहेर जात नाही, लग्न झालेल्या लेकीलासुद्धा आपण देत नाही, हे तिला पक्के ठाऊक. मुंग्या झटकत मला विचारते, "मम्मीनी ट्रेनिंग सरस तोपर्यंत टिकी का?"

ही ट्रेनिंग माझीच. तू गेलीस त्या दिवशी मी मुलांना सांगितले, की मम्मी नोकरीच्या ट्रेनिंगला गेली, फोन करायची परवानगी नाही. आमच्या फोनवर तुझा नंबर नवनीतकडून ब्लॉक करून घेतला, तोही मीच.

आता खरे ते लिहिते. दिवाळीत तू आली होतीस. हातात दोन पिशव्या होत्या, अंगणात उभी होतीस. मी सांगितले, मुले आत्याकडे सुरतला गेली. मुले मागच्या खोलीत होती. मीच त्यांना आत बसवून कडी घातली होती. तू पिशव्या ओट्यावर ठेवल्यास आणि पाणीसुद्धा न पिता गेलीस. त्यातले कपडे मी मुलांना आत्याचे म्हणून घातले.

मंगळवारी रिना तो कागद हातात धरून बसली होती. म्हणाली, "आजी, त्या दिन मी मम्मीना आवाज आयका व्हता. ललित रडाले लागना, मी त्यानं तोंड दाबी धरं."

मी विचारले, "काबरं वं?"

"तू सांगं ना, आम्ही सुरतले गयात. ललित रडता तर तू खोटी पडी जाती."

साडेसहा वर्षांची होती तेव्हा. आईचा आवाज ओळखला, आणि माझी अब्रू राहावी म्हणून भावाच्या तोंडावर हात ठेवून बसली. इतके महिने माझ्या ताटात जेवली, माझ्या कुशीत झोपली आणि एक शब्द बोलली नाही. मला वाटत होते, मी या लेकरांना सांभाळते आहे.

का केले, हे तू विचारशील. भूपेश गेला, तू गेलीस, मुलेही गेली तर या घरात सकाळी उठून करायचे काय, याची भीती वाटली. दुसरे काही कारण नाही. लोकांना मी घराण्याचे नाव, वंश, काय काय सांगितले. धर्मेंद्रराव मुलांना पोटच्यासारखे वाढवायला तयार होते, तरी मी त्यांनाच वाईट ठरवले. मला एकटे राहायचे नव्हते, एवढेच खरे.

आप्पा सगळे ऐकत दारात उभे होते. वर्षभर ते माझ्या खोट्याला गप्प राहून साथ देत आले. त्या दिवशी मात्र एवढेच म्हणाले, "आते पुरं झायं. लिख तिले."

काल मुलांना सगळे सांगितले. ट्रेनिंग नाही, मम्मी खापरला आहे, आणि तिला मीच परत पाठवले. ललितने लगेच विचारले की खापरला म्हैस आहे का. रिना थोड्या वेळाने येऊन माझ्या पाठीला पाठ लावून बसली.

येत्या रविवारी सकाळच्या एस.टी.ने ये. धर्मेंद्ररावांनाही आण. शाळेच्या दाखल्याचे आप्पांनी हेडमास्तरांना विचारून ठेवले आहे. सुट्टीत मुलांना इकडे पाठवायचे की नाही, हे तू ठरव. मी मागणार नाही, मागायचे तोंड मला उरलेले नाही.

मुलांचे कपडे कपाटात आहेत, खालच्या दोन खणांत. मी बॅग काढली होती, पण भरली नाही. ते माझ्याने होणार नाही. तेवढे तू येऊन भर.

तुझी अपराधी,
अनुसयाबाई