हिनरिखचे चव्वेचाळीस

सोमवार, ३ मार्च

ओस्टरकाम्पने आज दिवे लावले! म्हणे त्याच्या नव्या लेपाचा आकडा पन्नास. हिनरिखच्या लेपाचा गेली कित्येक वर्षं चव्वेचाळीस. काचेच्या तंतूला लेप द्यायचा, त्यावर राळेचा थेंब सुकवायचा, थेंब दोन बारीक सुऱ्यांच्या धारांमध्ये अडकवून तंतू ओढायचा — किती जोराला सुटतो ते लिहायचं. याला डॉक्टरेट लागत नाही, बूड टेकून बसता यावं लागतं. नेमकं तेच ओस्टरकाम्पला येत नाही.

आमच्या विभागप्रमुख बेरेन्स बाई म्हणाल्या, शुक्रवारी ठरवू. नवा लेप जिंकला तर पवनचक्कीच्या पात्यांना तोच. हिनरिखचं टेबल बंद, रवानगी गोदामात. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत त्याच्या!

मंगळवार, ४ मार्च

सापडलं! महाशयांनी थेंब आमच्या नियमाच्या दहापट वेगाने ओढलेत. राळ भराभर ओढली की ताठरते, आकडा फुगतो. हळू ओढली की खरं काय ते कळतं. शिकाऊ मुलींनाही मी पहिल्या आठवड्यात हे शिकवते.

विचारलं, तर हसतो. "फ्राउ टॉमसन, तुमच्या वेगाने एका थेंबाला दहा मिनिटं जातात हो. चाळीस थेंब करता करता म्हातारा होईन मी."

व्हा की.

बुधवार, ५ मार्च

दिवसभर त्याचाच लेप हळू ओढला. चव्वेचाळीस. हिनरिखपेक्षा तसूभरही जास्त नाही! आत्ताच कोणाला सांगणार नाही.

शुक्रवार, ७ मार्च

ओस्टरकाम्पचा वाढदिवस. ज्याचा वाढदिवस त्याने केक आणायचा, तर स्वारीने पेट्रोल पंपावरचा आणला, प्लास्टिकसकट. यातही घाईच.

तोच केक खाताना मी कागद पुढे केला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला बरं वाटलं, का खोटं लिहू? बेरेन्स बाईंनी विचारलं, "मग करायचं काय?" मी ठणकावलं — दोन्ही लेप नियमाच्या वेगाने पुन्हा तपासा, जुनासुद्धा, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको.

हिनरिख पुटपुटला, "माझं कशाला, विबके? माझं राहू दे."

"अरे, घाबरतोस कशाला? तुझे तर मीच तपासलेत."

 त्याने केक तसाच ठेवला. फारच भिडस्त माणूस.

सोमवार, १० मार्च

हिनरिखचे थेंब सुकायला ठेवले. ओस्टरकाम्प मशीनपाशी घुटमळत होता. हाकलला.

मंगळवार, ११ मार्च

हिनरिखचा लेप, हळू: एकोणचाळीस. धारा पुसल्या, नवे थेंब घेतले. एकोणचाळीस.

कपाटातून त्या चव्वेचाळीसचा जुना कागद काढला. शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०१९. वेगाच्या रकान्यात ओस्टरकाम्पचाच वेग. चाळीस थेंब, सगळे जेवणानंतर उरकलेले. खाली माझी सही. कोपऱ्यात लोण्याचा डाग — माझ्याच केकचा. त्या दिवशी मला लवकर घरी जायचं होतं.

हिनरिखला दाखवला. तो टेबलाचे खण रिकामे करत होता. "माहीत होतं मला," म्हणाला. "तुझा वाढदिवस होता ना."