जाड झाकणाची शेगडी

३ सप्टेंबर

तीर्थरूप आईंना,

वाकून नमस्कार. गुडघ्याला नवं तेल लावताय ना, की बाटली कपाटात तशीच आहे? आम्ही दोघं बरे आहोत.

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. फोनवर तुम्ही विचारलंत, "ती नवी शेगडी कशी निघाली गं?" आणि मी "छान आहे" म्हणून फोन ह्यांच्या हातात दिला. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला तेवढं उत्तर पुरणार नाही, हे मला ठाऊक आहे. शिवाय तुम्हाला फोनवर अर्धंच ऐकू येतं. म्हणून सविस्तर लिहिते.

इथे तिला ग्रिल म्हणतात. नव्या घराला मागे फरसबंद अंगण आहे, चार पावलं लांब, चार पावलं रुंद, भोवती लाकडी कुंपण. तिथे ठेवायला मला गॅसवरची हवी होती. बटण दाबलं की पेटली, राख नाही की धूर नाही. शेजारी एक आजोबा राहतात, जन्मभर बस चालवून आता निवृत्त झालेले. त्यांनी कुंपणावरून माझी शिकवणीच घेतली. "झाकणावर टकटक करून बघ. रिकाम्या डब्यासारखं वाजलं तर पुढे चल. जड, बसका आवाज आला तर थांब. जाळी बिडाची घे. आणि पाय हलवून बघायला लाजू नकोस."

मी दुकानभर टकटक करत हिंडले. तिथली विक्रेती मुलगी हसून म्हणाली, "आत कुणी राहत नाही हो!" शेवटी गॅसची एक माझ्या मनात भरली. हे मात्र कोळशाच्या शेगड्यांपाशी उभे. आई, ज्या माणसाने आयुष्यात स्वतःचा चहा केला नाही, तो कोळशाच्या शेगडीची झाकणं उघडून आत डोकावत होता!

"गॅसवर राख होत नाही," हे म्हणाले.

"तेच तर बरं," मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मुलीला विचारलं, "झाकण लावल्यावर आतली आग किती चढते?"

"झडपा उघड्या ठेवल्यात तर खूपच."

"आणि राख? बारीक होते, की तुकडे राहतात?"

"कोळशाची बारीक होते."

"कागदाची?"

मुलीने आता ह्यांच्याकडे नीट पाहिलं. "कागद नका टाकू. उडतो, जेवणावर बसतो."

त्यावर हे मोठ्याने हसले. तुम्हाला ते हसू माहीत आहे. पाहुण्यांसमोर हातून कप फुटला की हसतात, तसं.

तर घेतली ती कोळशाचीच. काळी, पोट सुटलेली, खाली राखेचं ताट. ह्यांनी एकट्याने जोडली. प्रत्येक स्क्रू दोनदा आवळला. लिफ्ट तपासणाऱ्याच्या हाताला ढिला स्क्रू सहन होत नाही. कामावर सध्या थोडी गडबड आहे, एका इमारतीतली लिफ्ट बिघडली, त्यामुळे साहेबांचे सारखे फोन येतात. काळजीचं काही नाही. हे जरा बारीक झालेत, एवढंच.

रविवारी दुपारी शेगडी पेटवायची ठरली. मला म्हणाले, "कणसं आण, बटाटे आण. घाई करू नकोस." मी पिशव्या घेऊन परतले तर झाकण बंद, आणि झडपेतून पिवळट धूर. शेजारचे आजोबा कुंपणापाशी उभे होते. म्हणाले, "हा कोळशाचा धूर नाही."

"पहिल्यांदा रिकामीच तापवायची असते," हे म्हणाले.

आजोबा आत गेले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. कणसं मी शेवटी कुकरमध्ये उकडली.

अशी आहे शेगडी. झाकण जाड आहे, पाय डुगडुगत नाहीत. फोनवर मात्र पुन्हा तिचा विषय काढू नका. का, ते ह्यांना विचारू नका. मलाही नको.

तब्येतीला जपा.

तुमची सून


२२ सप्टेंबर

तीर्थरूप आईंना,

नमस्कार. हे पत्र बसून वाचा. वन्सं घरी असतील तर त्यांना जवळ बसवा. टपालाचा भरवसा धरला नाही. ओळखीच्या एक बाई उद्याच्या विमानाने येत आहेत, त्या परवा सकाळी स्वतः तुमच्या हातात देतील. फोनच केला असता, पण हे अर्धं ऐकून चालणार नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नाही. लिफ्ट नुसती बिघडली नव्हती. ती पडली. सहाव्या मजल्यावरून. दोर तुटला आणि ब्रेकही लागला नाही. आत एक बाई होती, घरोघरी धुतलेले कपडे पोचवणारी. ती वाचली. पण पायांचं विचारलं की डॉक्टर विषय बदलतात.

ती लिफ्ट तुमच्या लेकाने दोन महिन्यांपूर्वी तपासली होती. कंपनीच्या कागदात "ठीक" लिहून सही केली होती. पण बघितलं ते लिहून ठेवायची सवय तुम्हीच लावलेली. खिशात नेहमी एक छोटी वही. त्या वहीत त्याच दिवशी ह्यांनी लिहिलं होतं, "दोराचे पीळ तुटलेत. बदलणे." साहेबांना सांगितलं, तर साहेब म्हणाले, "पुढच्या खेपेला बघू, आत्ता ठीक लिही." ह्यांनी लिहिलं. ती पहिली वेळ नव्हती. एकदा लिहिलं, मग लिहीतच गेले. अशा नऊ वह्या साठल्या होत्या. अपघातानंतर साहेबांचा फोन आला, "घरात काही कागद असतील तर ते नसलेले बरे."

म्हणून ती शेगडी.

हे सगळं मला राखेच्या ताटात कळलं. त्या रविवारी संध्याकाळी ताट उपडं केलं, तर कागदाचा एक कोपरा शाबूत राहिला होता. अक्षर तुम्ही गिरवून घेतलेलं, ते मी कुठेही ओळखीन. मी विचारलं. हे स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. सहा वह्या जळून गेल्या होत्या.

आई, आता जे लिहिते त्यासाठी मला क्षमा मागायची नाही, फक्त तुम्हाला ते माहीत असावं. पुढच्या शनिवारी उरलेल्या तीन वह्या जाळताना झाकण मी धरलं होतं. हाताला फडकं गुंडाळून. कुणी जबरदस्ती केली नाही. मला वाटलं, झालं ते झालं, आपला माणूस वाचवायचा. दोन वह्या मी माझ्या हातांनी आत टाकल्या. चांगल्या पेटल्या.

तिसरी हातात उघडली गेली. मागच्याच महिन्यातली तारीख, एका इमारतीचा पत्ता, आणि खाली तेच, "पीळ तुटलेत."

"हिचा दोर बदलला का?" मी विचारलं.

"टाक," हे म्हणाले.

"अहो, पण बदलला का?"

"टाक म्हणतो ना!"

तेवढ्यात धूर डोळ्यांत गेला म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. मी वही ओढणीखाली घेतली आणि कोळशाची रिकामी पिशवी आगीत टाकली. जाळ उसळला. त्यांना वाटलं, संपलं.

मंगळवारी मी त्या पत्त्यावर गेले. साधी इमारत, खाली पत्रांच्या पेट्या, भिंतीला टेकवलेल्या दोन सायकली. रखवालदार खुर्चीवर पेपर वाचत होता. मी विचारलं, "लिफ्ट चालते ना?"

"चालते की. थोडी धडधडते, पण पोचवते."

एक बाप बाळाची गाडी ढकलत आला. आत शिरला आणि माझ्यासाठी हाताने दार धरून ठेवलं. "येताय?"

मी "नाही" म्हणाले. दार लागलं. आई, मी फक्त "नाही" म्हणाले. "तुम्हीही जाऊ नका" हे शब्द तोंडातून फुटलेच नाहीत. दारावरचे आकडे बदलत होते, तीन, चार, पाच, आणि मी ते मोजत उभी होते. सातवर थांबले. वरून बाळाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा मला श्वास घेता आला.

जेवताना मी सांगितलं, "एक वही माझ्याकडे आहे."

ह्यांचा घास हातातच राहिला. "दे."

"नाही."

"मला आत टाकतील, कळतंय का तुला?"

"कळतंय."

"आणि साहेब? ते सुटतील. ते कधी लिहून देत नाहीत. अडकेन मी एकटा."

"अडकाल," मी म्हणाले. "मी आज त्या लिफ्टपुढे उभी होते. सही केल्यापासून तुम्ही एकदा तरी उभे राहिलात का तिच्यापुढे?"

हे उठले. हात धुवायला गेले ते कितीतरी वेळ नळ तसाच वाहत होता. सकाळी मी निघाले तेव्हा बूट हातात घेऊन दारापर्यंत आले. मला वाटलं, बरोबर येतात. मग बूट खाली ठेवले आणि आत वळले.

मी वही तपासणीच्या सरकारी कचेरीत दिली. पाच पत्ते होते तिच्यात. अधिकारीबाईंनी माझ्यासमोर फोन फिरवले आणि संध्याकाळपर्यंत पाचही लिफ्ट बंद झाल्या. त्या बाळाच्या इमारतीतला दोर त्यांनी स्वतः जाऊन पाहिला. मला म्हणाल्या, "बोटांवर मोजण्याइतके पीळ उरले होते. आणखी महिनाभरही टिकला नसता."

तुमच्या लेकाची दोनदा चौकशी झाली आहे. पासपोर्ट काढून घेतला आहे. सध्या घरीच असतात. साहेब म्हणतात, असलं काही आम्ही सांगितलंच नव्हतं. माझ्याशी हे बोलत नाहीत. दिवसभर मागच्या दारात बसतात. पुढे काय होईल, वकिलालाही सांगता येत नाही.

पण मी त्यासाठी लिहीत नाही. जळलेल्या आठ वह्यांतही पत्ते होते. कंपनीच्या कागदात शेकडो लिफ्ट आहेत आणि सगळ्यांपुढे "ठीक" लिहिलंय. अधिकारीबाई म्हणतात, एकेक तपासायला दोन-तीन महिने जातील. कुठले दोर तुटायला आलेत, हे एकाच माणसाला तोंडपाठ आहे, आणि वकिलाने त्याला गप्प राहायला सांगितलंय. मी रोज विचारते. काल पाया पडले. ते कुंपणाकडे बघत राहिले.

तुमच्यापुढे त्यांना गप्प राहता येत नाही. पत्र वाचून झालं की रविवारची वाट बघू नका, लगेच फोन करा. नीट ऐकू यावं म्हणून वन्संना फोन धरायला सांगा. तुमचा लेक आधी म्हणेल, हिने घात केला. खरंच असेल. मला काय बोलायचं ते नंतर बोला, मी सगळं ऐकून घेईन. पण "तुझं काही चुकलं नाही रे राजा" असं मात्र म्हणू नका. तुमच्या तोंडून तेवढं ऐकलं, की ते कायमचे गप्प बसतील.

कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि एकेक पत्ता विचारा. ते थांबले तर थांबा. रडले तर रडू द्या. फोन ठेवू मात्र नका. यादी पुरी झाली की ती मला कळवा, मी कचेरीच्या दारात उभी असेन.

तुम्ही हे वाचत असाल तेव्हा इथे माणसं कामावर निघालेली असतील. कुठल्यातरी जिन्याशेजारी बटण दाबून उभी असतील.

दोन वह्या जाळणारी,
तुमची सून