आबांच्या खुर्चीचं तोंड

५ ऑक्टो., रविवार
ट्रॅक्टरवर ठेवलेला ड्रायव्हर काम सोडून गेला. दसऱ्याला सोनं दिलं, आबांच्या पाया पडला, पेढा खाल्ला आणि साखर कारखान्याच्या हंगामाला लागला. लॉनवरचं गवत माझ्या गुडघ्याला लागतं. यंदा पाऊस जातो जातो म्हणत पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून राहिला, त्याचा हा आहेर.

दादाच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून त्याला ट्रॅक्टरच्या सीटवर बसायची कायमची बंदी. पलंग खिडकीशी लावून दिलाय. तो गवताकडे बघतो, गवत त्याच्याकडे.

संध्याकाळी ग.राव आले, मेहकरचे मंडपवाले. (अर्ध्या जिल्ह्याचं नाव गजानन. किती वेळा पूर्ण लिहायचं.) जानेफळ रोडवरचं लग्नाचं लॉन म्हटलं की आमचंच, म्हणून त्यांना ते ठेक्यानं हवं आहे. जमीन आबांच्या नावावर, म्हणजे सही आबांची. आबा म्हणाले, "तुळशीचं लग्न झालं का पयलं लग्न हाय आपल्या लॉनवर. तवरिक घरातल्या कोणी गवत कापून दाखवलं तर ठीक. नाई तर करतो सही."

ग.रावांनी घरातल्या धडधाकट पुरुषाकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं आणि निश्चिंत मनानं चहा घेतला.

६ ऑक्टो., कोजागिरी
शाळेत आठवीला रामः रामौ रामाः. पेपरला भिजलेल्या सोयाबीनची बातमी पाठवली. उद्या छापून येईल, परवा तिच्यात भजी बांधली जातील.

दूध आटवता आटवता वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मशीन मी चालवीन."
माहेरी, चिखलीकडे, त्या ट्रॅक्टर चालवायच्या हे मला ठाऊक आहे. लग्नानंतर एकदाही नाही. सौ. नं माझ्याकडे पाहिलं, मी दुधाकडे.
"हसून राह्यले का?"
"नाही हो."
"ठेक्यानं देल्लं तर मंग मी काय करू? आपल्याच अंगणातली लग्नं खिडकीतून पाहू?"
तारखा घेणं, आचाऱ्यांशी भांडणं, मोगऱ्याला पाणी, सगळं इतकी वर्षं त्यांच्याकडे आहे. दादा फक्त गवत कापायचा आणि लॉन आपण चालवतो असं समजायचा.

८ ऑक्टो., बुध.
ट्रॅक्टरमागे जोडायच्या गवतकापणी मशीनची इंग्रजी पुस्तिका सापडली, बी-बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत. दादानं ती कधी उघडलेली नाही, पानं कोरी करकरीत. मी वाचतो, मराठी करतो, वहिनी भाकरी थापता थापता ऐकतात.

विधी थोडे, निषेध फार. पानोपानी पिवळे त्रिकोण, त्यांत काळी माणसं. एकाचा हात चाललाय, एकाचा पाय. ट्रॅक्टरच्या मागून फिरणारा दांडा निघतो, तो मशीनची तिन्ही पाती फिरवतो. तो पीटीओचा शाफ्ट. त्याच्याजवळ सैल कपडा, मोकळे केस, माळ, काही काही नको. मशीन चालू असताना आसपास माणूस नको. मडगार्डवर कोणी बसायचं नाही.

दादा पलंगावरून: "इतकं वाचत बसलो असतो तर गवत झाडायएवढं झालं असतं बे पंडित."
वहिनी: "तुमी वाचा हो भाऊजी. त्यायच्याकडं नका पाहू."

उतरायचा क्रम त्यांच्याकडून स्तोत्रासारखा घोकून घेतला. पीटीओ बंद, मशीन भुईला टेकवा, इंजिन बंद, किल्ली कमरेला, मग पाय खाली. कमर माझी भर. कंपनीनं नुसतं 'किल्ली काढा' म्हटलंय.

११ ऑक्टो., शनि.
मशीन फिरवायच्या आधी लॉन वेचावं लागतं. उन्हाळ्यातल्या लग्नांचं उरलंसुरलं: सुतळ्या, तारा, मंडपाच्या खुंट्या, फेट्याचा पिसारा, आणि एक कवळी, वरची. मालक खालचीवर कसा भागवत असेल.

मग वहिनींचा सराव, मशीन उचललेलं, पाती बंद. मी सवयीनं मडगार्डवर चढलो. आमच्याकडे ती सोयऱ्याधायऱ्यांची राखीव जागा.
"उतरा."
"अहो, नुसता सराव..."
"कोणी बसायचं नाई. तुमीच वाचलं ना?"
उतरलो.

पाचला आबा आले. लिंबाखाली खुर्ची, तोंड लॉनकडे, रोजचंच. वहिनींनी पदर डोक्यावर ओढला. वाऱ्यानं उडायला लागला तसं टोक दातांत धरलं. लग्न होऊन आल्यापासून मामाजींपुढे (सासऱ्यांना त्या मामाजी म्हणतात) त्यांचं डोकं उघडं कोणी पाहिलेलं नाही. मी त्यांचे केस पाहिलेत, दीर असण्याचे काही फायदे आहेत. पण दातांत पदर असल्यानं पलंगावरून फोनवर ओरडून शिकवणाऱ्या दादाला त्यांना उलट बोलता येत नव्हतं. त्याला हे शिक्षण फार आवडलं.

१४ ऑक्टो., मंगळ.
आज व्हायला नको ते होता होता राहिलं.

पहिल्यांदा पाती सुरू. दोन फेऱ्या चांगल्या गेल्या, ओल्या गवताचा वास सगळ्या आवारात. तिसरीला ठण्ण. मंडपाची खुंटी. मला कवळी दिसली होती, खुंटी नाही. मशीनखालून सुटली ती आबांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर मातीत रुतली.

वहिनींनी ट्रॅक्टर थांबवला आणि "मामाजी" म्हणत उडी मारली. स्तोत्र तिथेच राहिलं. इंजिन सुरू, दांडा फिरता, डोक्यावर पदर. मागच्या बाजूनं वळल्या आणि टोक शाफ्टनं ओढलं. साडी जुनी, सुती. फाटली. त्या मागे बसल्या त्या बसल्याच.

इंजिन मी बंद केलं. कसं केलं आठवत नाही.

शाफ्टवर निळी चिंधी. खिशातल्या फोनमधून दादाचा आवाज, "काय झालं? बोला ना कोणी." आबा उभे राहिलेले. त्यांना हात धरल्याशिवाय उठता येत नाही, तरी.

चहा झाला. कोणी घेईना. मग घेतला.

१५ ऑक्टो., बुध.
त्या दांड्यावर प्लॅस्टिकची नळी असते, गार्ड. दांडा आत फिरतो, नळी थांबलेली राहते, कपड्याला धरायला काही मिळत नाही. आमच्याकडे गार्ड नव्हतंच. दादा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मीच काढलं होतं. ग्रीस माराले आडवं येत होतं."

मग तसाच भिंतीकडे बघत, "ठेक्यानं देऊन टाकू. मी सांगतो आबाले."

वहिनी फाटका पदर दुमडून शिवत होत्या. मान वर न करता: "गार्ड आणा म्हणा. ठेक्याचं मंग पाहू."

मेहकरात तीन दुकानं फिरलो. 'त्याले कोण लावते जी', 'चार दिवस थांबा', 'दिवाळीनंतर'.

१९ ऑक्टो., रवि.
कपड्यांचा प्रश्न. पंजाबी ड्रेस सौ. चा आहे, बाह्या दंडाला पिनांनी आवळता येतात. ओढणी नको, हे सर्वमान्य. राहिलं डोकं.

मी म्हटलं, टोपी. वहिनी म्हणाल्या, मामाजींपुढं टोपी घालून फिरू का, सभापती हाय का मी. शेवटी सौ. ला सुचलं: फेटा. हल्ली करवल्याही बांधतात, लॉनच्या खोलीत गुलाबी शिल्लक पडलेत. डोकं झाकलेलं, शेमला आत खोचला की लोंबणारं काही नाही. शास्त्र आणि रूढी दोन्ही राखणारा असा तोडगा मी अख्ख्या पाठशाळेत ऐकला नव्हता.

नुसता ट्रॅक्टर फिरवून पाहिला. पहिल्या खड्ड्याला फेटा भुवयांवर, दुसऱ्याला नाकावर. वहिनी डोळे झाकलेल्या घाण्याच्या बैलासारख्या सरळ कुंपणाकडे निघाल्या. थांबल्या, नशीब.
दादा खिडकीतून: "वरात कुठं चालली व?"
ऑपरेशननंतर पहिल्यांदा तो हसला. टाके दुखतात म्हणाला, तरी हसला.
आबा लिंबाखाली. त्यांनी सगळं पाहिलं.

२३ ऑक्टो., भाऊबीज
वहिनींचा भाऊ आला. चिखलीला त्याचं स्पेअर पार्टचं दुकान. दरवर्षी साडी आणतो. यंदा फोनवरूनच त्याला ओवाळणी सांगून ठेवली होती. ताटात काय तर पिवळं गार्ड, तिन्ही नवी पाती आणि ग्रीसची गन. वहिनींनी गार्डलाही कुंकू लावलं.
भाऊ म्हणे, "लोकायच्या बहिनी सोनं मागतात."
"सोनं गवत कापते का?"

२६ ऑक्टो., रवि.
मशीनची सेवा. दादा कमरेला पट्टा बांधून खुर्चीत बसून, हुकूम करत. मशीन उचललं, खाली लाकडी ओंडके. नुसत्या लिफ्टच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही, हे पुस्तिका म्हणते आणि आता दादाही, जणू त्याचंच मत.

जुनी पाती काढली. मधल्या पात्याच्या बुडाशी सुतळी, मोत्यांची सर, मांडवातल्या माळांचा दोरा, असं सगळं घट्ट गुंडाळलेलं, सील खाऊन तेल गळत होतं. कित्येक लग्नांच्या गाठी. वहिनींनी एकेक कापून काढल्या. नवं पातं भिंतीच्या खिळ्यावर आडवं टांगून पाहिलं, कोणती बाजू खाली जाते. समतोल नसला तर मशीन थरथरतं. सील बदललं, गिअर बॉक्समध्ये तेल, पट्टा ताणला, सगळीकडे ग्रीस. माझ्या धोतरालाही. सणाचं म्हणून नेसलो होतो. वहिनी म्हणाल्या, "हेच लोंबते कपडे म्हंतात ना पुस्तकात? तुमी फाटकाबाहेर उभे राहाजा."

राहिलो.

२८ ऑक्टो., मंगळ.
सकाळी दव असतं, गवत गोळे होऊन चिकटतं. म्हणून दुपार उलटल्यावर. ऊन कलेपर्यंत अर्धं लॉन निघालं. वहिनी ड्रेसवर, केसांचा घट्ट अंबाडा, फेटा बाद, डोकं मोकळं. पाचच्या आत, आबा यायच्या आधी, संपवायचं ठरलं होतं. संपलं नाही.

काठीचा आवाज आला. आबा.

वहिनींनी पीटीओ बंद केला, मशीन टेकवलं, इंजिन बंद, किल्ली कमरेला, उतरल्या. क्रमानं. आणि ट्रॅक्टरच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या, आबांना दिसू नये अशा. गवत अर्धं कापलेलं, अर्धं उभं. दादा खिडकीत. मी तोंड उघडलं, पण आबांना कुठे बसा हे आजवर कोणी सांगितलेलं नाही.

आबांनी खुर्चीच्या हाताला धरलं. ओढत, थांबत, पुन्हा ओढत ती पार फाटकाबाहेर ओट्यापाशी नेली. मी धरायला गेलो तर काठी दाखवली. खुर्ची फिरवली, लॉनकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. बसले.
"इथं काऊन आबा?"
"लिंबाखाली ऊन लागते डोळ्याले."
मी संस्कृतचा मास्तर, पण दिशा कळतात. लिंबाखाली ऊन पाठीवर येतं. फाटकाबाहेर तोंड पश्चिमेला. सूर्य समोर, सरळ डोळ्यांत. आबा डोळे बारीक करून बसून राहिले.

मागे इंजिन सुरू झालं.

२ नोव्हें., तुळशीचं लग्न
मंगलाष्टकं मी म्हटली. नवरी झाडच असल्यानं कोणी घाई केली नाही.
लॉन पूर्ण कापून झालं. एका कोपऱ्यात मात्र मशीन खाली राहिलं, माती दिसते. दादा: "टक्कल केलं न."
वहिनी: "तिथं आइस्क्रीमचा टेबल येईल."
मशीनची चाकं एकेक भोक खाली घेतली, म्हणजे पाती वर राहतात. आठ दिवसांनी पुन्हा एक हात फिरवायचा.
आबा रोज पाचला, फाटकाबाहेर. आता तिथंच त्यांचा चहा. गवताविषयी बरं-वाईट अक्षर नाही. मी एकदा विचारलं, सहीचं काय ठरलं? म्हणाले, "लग्न होऊ दे." कुणाच्या बाजूनं म्हणाले कळलं नाही.

१५ नोव्हें., शनि.
मंगळवारी लग्न. वहिनी शेवटचा हात फिरवत होत्या. मी आबांजवळ, पेपरची बातमी गुडघ्यावर. मधेच आबा म्हणाले, "नळापाशी गवताचा पट्टा सुटला. सांग तिले."
वळून पाहिलं. सुटला होता.
"मागं डोळे आहेत का आबा?"
"कान हायेत. गवत असलं का मशीन वेगळं बोलते."

फाटकातूनच हातवारे करून सांगितलं, तोवर ग.रावांची गाडी. हातात पिशवी, पिशवीत कागद असणारच. फाटकाला हात घातला, तशी आबांनी काठी आडवी धरली.
"थांबा तिथंच. मशीन सुरू असल्यावर आत कोणी नाई जात."
"तुमच्यापाशीच काम व्हतं ना आबा. इथंच बसून..."
"मशीन बंद होऊ द्या. मंग बोलू."

ग.राव ओट्यावर टेकले. वहिनींना गाडी दिसली होती. नळापाशी वळल्या, सुटलेला पट्टा घेतला. आता थांबतील म्हणून मी पाहत होतो. त्या वळून पुन्हा फाटकाकडून सुरू झाल्या. तिथलं मघाशीच झालं होतं. कापलेलंच कापत, सावकाश, सरळ रेघेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
ग.रावांनी घड्याळ पाहिलं. "अजून किती हाय?"
आबा डोळे बारीक करून उन्हाकडे बघत होते. काठी अजून आडवीच.
"हाय बरंच," म्हणाले.