पडद्यावरचा डाग

श्रीरामपूर,
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय सविता वहिनी,

नमस्कार. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर वाचून मग फाडा. बाळ कसं आहे? गोरखदादाने पाठवलेल्या फोटोत गाल पाहिले, नुसते लोण्याचे गोळे!

आधी माझी बढाई ऐका. आमच्या दवाखान्यात शनिवारी सगळे डॉक्टर एकत्र बसून रुग्णांचे एक्स-रे पाहतात. त्यासाठी नवा प्रोजेक्टर घ्यायचा होता. संस्थेचे अध्यक्ष बिभीषणराव लग्नाच्या हॉलमधल्या झगझगीत प्रोजेक्टरवर भाळले होते. मी म्हटलं, हे काय लग्नाचं शूटिंग आहे? काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या फिक्या छटा दिसायला हव्यात. मी निवडलेला आणि तुमचा, दोन्ही लावून बघू.

रुग्णांचे एक्स-रे विक्रेत्यांसमोर दाखवायचे नसतात, म्हणून घरचाच एक लावला. हॉलवाल्या प्रोजेक्टरवर छाती स्वच्छ दिसली. "लई भारी!" बिभीषणराव खूश. मग मी निवडलेला लावला, तर गळ्याच्या हाडाखाली पुसटसा डाग.

"मॅडम, तुमचा पडदा मळलाय," हॉलवाला विक्रेता हसला.

मी चित्र हातभर बाजूला सरकवलं. डागही सरकला.

बिभीषणराव म्हणाले, "ह्योच घ्यायचा." वहिनी, मी जिंकले!

तो एक्स-रे माझा होता. सकाळीच काढलेला, मला काय होतंय, म्हणून नीट पाहिलाही नव्हता. खोकला धुळीवर ढकलत होते. तपासणीत क्षयरोग निघाला. त्याच आठवड्यात बाळाचं बारसं होतं.

आता कळलं ना, बारशाला न येता ड्युटीचं खोटं कारण का दिलं? खरं सांगितलं असतं, तर तुम्ही ओली बाळंतीण डबा घेऊन इकडे धावला असता. बारशाच्या दिवशी मी फार रडले.

काल दादा म्हणाला, "बाळाचं कागदावर नाव लागलंय, पर तुजी वहिनी कुनाला कानात सांगू देत न्हाई. म्हनती, त्याला आत्या हाय." माझ्यावर रागावून माझाच मान राखलात!

दोन महिन्यांच्या औषधांनंतर आज थुंकीची तपासणी स्वच्छ आली. गोळ्या अजून चालतील, पण बाळाला माझ्यापासून धोका नाही. रविवारी पुणतांब्याला येते. पाळणा बांधा. कानात कुर्र करून नाव मीच सांगणार. पाठीत धपाटे घालायला गल्लीतल्या सगळ्या बायका बोलवा आणि त्यांना सांगा, हात राखू नका. ही छाती आता सोसेल.

तुमची हक्काची नणंद,
जया