स्टेडियमसमोरचा मुक्काम

२६ जून, सकाळी
ही आणि मी पोचलो. परक्या देशाची राजधानी, जागतिक फुटबॉल स्पर्धा, आणि मुलीचा फ्लॅट स्टेडियमच्या अगदी समोर. असा योग नशिबात असावा लागतो. संकल्प: शहर पायी पालथं घालायचं आणि फायनल आत बसून बघायची. तिकिटं वर्षापूर्वीच संपली, असं जावई म्हणतो. अजून कच्चा आहे. तिकिटं कधी संपत नसतात, माणसाची ओळख कमी पडते.
व्याही याच घरात राहतात. सज्जन आहेत, पण फार पुटपुटतात.

२७ जून
इथले लोक सभ्य, उच्चार मात्र गचाळ. दुकानदार, बसचा ड्रायव्हर, सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. मुलगी म्हणाली, बाबा, एकदा कान तपासून घ्या. म्हटलं, तपासायचेच तर यांचे घसे तपासा.

२८ जून, दुपारी
स्टेडियमभोवतीच्या सगळ्या इमारतींना पोलिसांचं कडं पडणार. फायनल होईपर्यंत पासशिवाय आत-बाहेर नाही. पासासाठी सुरक्षा कार्यालयातून प्रत्येक पाहुण्याला फोन येतो. मुलगी म्हणाली, तुमच्या वतीने मी बोलते. म्हटलं, टेलिफोन खात्यात उभी हयात गेली, मला मध्यस्थ नको.
बाई फार भरभर बोलत होती. मी न डगमगता प्रत्येक प्रश्नाला यस म्हणालो. शेवटी एकदा नो म्हणालो. सगळ्यालाच यस म्हणणारा माणूस संशयास्पद वाटतो. त्यानंतर बाईचा आवाज एकदम मऊ झाला. छाप पडली.

३० जून
पास आले. हिचा आला. व्याह्यांकडे होताच. माझ्या नावाने पास नाही, निरोप आला: हे गृहस्थ अंथरुणाला खिळलेले आहेत, चालू शकत नाहीत, सबब बाहेर पडणार नाहीत. काळजी नसावी, रोज नर्स येईल.
सरकारी घोळ. मुलीने लगेच फोन केला. आता बदल फायनलनंतरच, असं उत्तर आलं. व्याही गॅलरीत निघून गेले. त्यांचे खांदे हलत होते. खोकला झाला असावा.

१ जुलै
नर्सबाई आल्या. धिप्पाड. येताक्षणी खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. पण त्यांनी उशी नीट केली, पाय चेपले, नाश्ता पलंगावरच आणून दिला. आपल्याकडे मंत्र्यांनाही एवढी सेवा मिळत नसेल. त्यांचं मन मोडवेना. उद्या सांगेन.

३ जुलै
उद्या नक्की सांगेन.
ही रोज व्याह्यांबरोबर बाहेर जाते. संग्रहालय, नदीकाठ, जुना पूल. संध्याकाळी फोटो दाखवते आणि म्हणते, तुम्ही हवे होतात. मी खिडकीतून स्टेडियमचं मागचं गेट बघतो. तिथून फक्त कचऱ्याच्या गाड्या आत जातात. ड्रायव्हर आता तोंडओळखीचे झालेत. त्यांच्याकडे पास आहे.

५ जुलै, दुपारी
घरात कोणी नाही. बाहेर पडायचा बेत पक्का. चालण्यात रुबाब असला की पास विचारायची कोणाची छाती होत नाही. कोट घालून निघतो आहे.

५ जुलै, संध्याकाळी
रुबाब होता. तरी पोलिसाने नाव विचारलं. मी सांगितलं. त्याने यंत्रात पाहिलं आणि दचकला. मला भिंतीला टेकवून उभं केलं, चाकाची खुर्ची मागवली, आणि दोघा जणांनी मला फुलासारखं उचलून वर आणून सोडलं. मी ऑल राइट, ऑल राइट म्हणत होतो. ते ऑल राइट म्हणत पळत होते.
नर्सबाईंना कळलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. हा माणूस सामन्याच्या ओढीने खुरडत खाली उतरला, असं त्यांनी मुलीला सांगितलं म्हणे. मुलगी खरं सांगणार होती. मी कण्हलो.

८ जुलै
पलंग, खिडकी, पलंग. गुडघे खरंच आखडायला लागलेत. व्याही पत्ते खेळायला बोलावतात. डाव लावताना काहीतरी पुटपुटतात, मी अंदाजाने पान टाकतो. रोज हरतो. एवढं पुटपुटत असतील तर डावात लबाडीही असणार.

११ जुलै
शेवटी ओळख कामाला आली. स्पर्धेच्या समितीने या भागातल्या घरात अडकलेल्या रुग्णांसाठी फायनलच्या काही जागा ठेवल्यात. नर्सबाईंनी माझं नाव सुचवलं आणि ते लागलं. खुर्चीतून न्यायचं, सोबत एक माणूस.
मुलगी कडाडली. म्हणाली, ज्याला खरंच चालता येत नाही अशा कोणाची तरी ही जागा आहे, बाबा. म्हटलं, दोन आठवडे कोंडून ठेवल्याची ही भरपाई समज. ती म्हणाली, कोंडून तुम्हीच घेतलंत. जावयाने मध्ये पडून चहा टाकला. हिने सोबत यायला साफ नकार दिला. म्हणाली, मला तुमच्या खोटेपणात ओढू नका. व्याह्यांना नाही म्हणता येत नाही. ते येतील.

१४ जुलै
घाईत नाही, सावकाश लिहितो. घरात कोणी बोलत नाहीये, त्यामुळे वेळ आहे.
जागा उत्तम होती. डावीकडे एक म्हातारे गृहस्थ, पायांवर पांघरूण. त्यांनी हसून हात मिळवला. त्यांचा हात धरला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, परत जावं. पण आता आलोच होतो.
खेळाडू रांगेत उभे राहिले. सगळं स्टेडियम उठलं. म्हणजे राष्ट्रगीत. कोणाचं का असेना, माणसाने उभं राहावं, ही शाळेपासूनची सवय. मी ताडकन उठून सावधान उभा राहिलो. व्याही शर्ट ओढून काहीतरी सांगत होते. मला वाटलं, हसा म्हणतायत. समोर कॅमेराही होता. म्हणून हसलो.
मैदानावरच्या भल्या मोठ्या पडद्यावर मी दिसलो. मागे रिकामी खुर्ची, पुढे मी, दात काढून. शेजारच्या गृहस्थांनी एकदा खुर्चीकडे बघितलं, एकदा माझ्या पायांकडे. मग मान वळवून ते मैदानाकडे बघत राहिले. ते रागावले असते तर मी काहीतरी बोललो असतो.
दोन अधिकारी आले. अदबीने बाहेर नेलं. खेळ सुरूही झाला नव्हता.
व्याही थांबू शकले असते. थांबले नाहीत, माझ्याबरोबर बाहेर आले. सगळं शहर टीव्हीसमोर होतं, रस्ते मोकळे. इतक्या दिवसांनी पायी चाललो, पण पाय उचलवत नव्हते. एका बाकावर बसलो. व्याही अगदी कानाशी तोंड आणून म्हणाले की ते हसा नव्हे, बसा म्हणत होते.
मी म्हटलं, तुम्ही नेहमीच असं बोलता. पोरांच्या लग्नात मी जेवण कसं झालं विचारलं, तेव्हा तुम्ही बकवास म्हणालात. तीन वर्षं मनात ठेवलंय. ते पुन्हा कानाशी वाकले. झकास म्हणालो होतो, म्हणाले.
थोड्या वेळाने ते एकदम मागे वळून स्टेडियमकडे बघायला लागले. गोल झाला, म्हणाले. म्हटलं, कशावरून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

१५ जुलै, सकाळी
कडं उठलं. अडथळे ट्रकमध्ये भरतायत. कुठेही जायला मोकळा आहे. गेलो नाही. नर्सबाई आल्या नाहीत, येणारही नव्हत्या. मुलीने त्यांना फोन करून माफी मागितली. मला मागता आली नाही.
ही कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, काल अख्खं स्टेडियम ओरडलं आणि मला काही ऐकू आलं नाही. माझ्या कानांत दोष असावा.
ती हातातली घडी पूर्ण करून म्हणाली, चार वर्षं झाली.
म्हटलं, मग मला सांगितलं का नाहीस.
सांगितलं होतं, म्हणाली.